मांगरातून खळ्यात काढली की गाडी मरते: रोटरी इंजिनाचं नेहमीचं दुखणं

गणपतीच्या आदल्या दिवशी फोन वाजला की मी नाव न बघताच हत्यारांची पेटी उचलायचो. "मेस्त्री, गाडी सुरू होयना." पलीकडे आबा. सलग तीन वर्षं हेच. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरायला लागल्या की एकदा, आणि चतुर्थीच्या तोंडावर एकदा. मधल्या काळात गाडी एकदम शहाणी.

गाडी साधी नाही. माझदाची आरएक्स-८, २००४ सालची, रोटरी इंजिनाची. ही गाडी भारतात कंपनीने अधिकृतपणे विकली नाही, ज्या थोड्याफार आहेत त्या बाहेरून आलेल्या. हीसुद्धा इंग्लंडहून मुंबई बंदरात उतरलेली. मालक बोटीवर इंजिनिअर. सहा महिने तो समुद्रात आणि गाडी मालवण तालुक्यात खाडीकाठच्या गावात, घरामागच्या मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या छपरीत. देखरेख काकांची, म्हणजे आबांची. माझं गॅरेज कुडाळला, हायवेला लागून. पोचायला पाऊण तास, पावसात एक.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे किंवा घ्यायचं मनात आहे, आणि आसपास रोटरी उघडलेला मेस्त्री नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी स्वतः हे एकच इंजिन नीट हाताळलंय, पण त्या एकानेच मला पुरेसं शिकवलं. त्यातलं बरंचसं चुका करून.

तीन वर्षं मी काय चुकीचं केलं

लक्षण दरवेळी एकच. सेल (स्टार्टर) मारला की इंजिन फिरतं, पण नेहमीपेक्षा हलकं, मोकळं, जणू आत काही दाबलंच जात नाही. पेट्रोलचा भपकारा. पाच-सहा वेळा सेल मारला की बॅटरी बसते आणि मग सगळे म्हणतात, बॅटरी गेली.

पहिल्या वर्षी मीही तेच म्हटलं. नवी बॅटरी बसवली, गाडी सुरू झाली, मी पैसे घेतले. दुसऱ्या वर्षी प्लग ओले मिळाले, म्हणून चारही नवे मागवले. मुंबईहून यायला तीन दिवस लागले. बसवले, गाडी सुरू झाली. तिसऱ्या वर्षी वाटलं, खाऱ्या हवेने कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारे भाग, गेल्या असणार. या गाडीला प्रत्येक प्लगला स्वतंत्र, अशा चार कॉइल आहेत आणि त्या लवकर कमजोर होतात ही गोष्ट खरीच आहे. त्या बदलल्या. गाडी सुरू झाली.

प्रत्येक वेळी सुरू झाली, आणि तिथेच मी फसलो. नव्या बॅटरीने इंजिन जोरात फिरलं म्हणून ती उठली. प्लगच्या वेळी इंजिन तीन दिवस उघडं पडलं, आतलं पेट्रोल उडून गेलं, म्हणून उठली. कॉइलच्या वेळीही तसंच. रोग कशाने आला हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

चौथ्या वर्षी गेलो तेव्हा बॉनेट उघडायच्या आधी खळ्यात, म्हणजे अंगणात, खुर्चीवर बसलो, आणि आबांना विचारलं, "आबा, बंद पडायच्या आधी शेवटची गाडी कोणी चालवली? कुठपर्यंत?"

"चालवतलो कोण? मीच मांगरातसून भायर काढलंय आणि बंद केलंय. चाकरमानी येतले, त्यांच्या गाडयेक जागा नको?"

"म्हणजे किती चालली?"

आबांनी मांगराचं दार दाखवलं आणि मग फणसाचं झाड. दहा-बारा पावलं. "अर्धो मिनिट पण नाय."

मे महिन्यात पेट्या ठेवायला मांगर रिकामा करायचा, भाद्रपदात पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या. दोन्ही वेळा गार गाडी सुरू करायची, अर्धा मिनिट हलवायची, बंद करायची. दुसऱ्या दिवशी ती मेलेली. एवढंच होतं सगळं.

अर्ध्या मिनिटात असं होतं काय

साध्या पिस्टनच्या गाडीला हे खपतं. रोटरीला खपत नाही, आणि का खपत नाही हे कळलं की या इंजिनाचे फायदे आणि तोटे दोन्ही एकाच जागी सापडतात.

रोटरीत पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, टायमिंगचा पट्टा नाही. मधे किंचित आवळलेल्या अंडाकृती घरात एक फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरतो, तो रोटर. त्याची तीन टोकं कायम भिंतीला टेकलेली. त्यामुळे घराचे तीन कप्पे होतात, आणि रोटर फिरताना प्रत्येक कप्पा आळीपाळीने लहान-मोठा होतो. आत घेणं, दाबणं, पेटवणं, बाहेर टाकणं, चारही कामं तीनही कप्प्यांत एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर चाललेली. हवा आत यायला आणि धूर बाहेर जायला नुसत्या खिडक्या, ज्या रोटरच जाता-येता उघडतो आणि झाकतो. जुनी टू-स्ट्रोक बजाज स्कूटर ज्यांनी खोललीय त्यांना खिडकीची गंमत लगेच कळेल. रोटर एक फेरा घेतो तेव्हा मधला शाफ्ट तीन फेरे घेतो, म्हणजे शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटरचा एक धक्का मिळतो. आरएक्स-८ मध्ये असे दोन रोटर, एकेका कप्प्याचं माप ६५४ सीसी, मिळून १३०८. मुख्य हलणारे भाग मोजून तीन: दोन रोटर आणि एक शाफ्ट.

आता दुखऱ्या जागी येऊ. पिस्टनला गोल रिंग असते आणि गोल भोकात गोल रिंग छान बसते. त्रिकोणाच्या टोकाला रिंग कशी बसवणार? तिथे एक पातळ पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. दर रोटरला तीन टोकांच्या पट्ट्या, सहा कोपऱ्यांची सीलं, सहा बाजूंची सीलं. प्रत्येकाच्या खाली स्प्रिंग. इंजिन जोरात फिरत असताना गॅसचा दाब आणि फेकला जाण्याचा जोर या पट्ट्यांना भिंतीवर घट्ट दाबून धरतो. पण सेलवर इंजिन फिरतं मिनिटाला अडीचशे फेऱ्यांच्या आसपास. तेव्हा दाबायला असते फक्त स्प्रिंग, आणि फट भरून काढायला भिंतीवरचा ऑइलचा पापुद्रा. तो पापुद्रा आहे तोवर कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, आहे.

गार इंजिनाला गाडीतला संगणक भरपूर पेट्रोल देतो. ते भिंतीवर बसतं. गाडी चालत राहिली तर पाच-सात मिनिटांत इंजिन तापतं, जादा पेट्रोल जळून-उडून जातं. अर्ध्या मिनिटात बंद केलीत तर ते आतच राहतं आणि ऑइलचा पापुद्रा धुऊन टाकतं. दुसऱ्या दिवशी सेल मारला की ना पापुद्रा, ना दाब. इंजिन हलकं फिरतं ते यामुळे. पेटत नाही म्हणून तुम्ही पुन्हा सेल मारता, संगणक पुन्हा पेट्रोल सोडतो, प्लग भिजतात, आणखी धुऊन निघतं, वर बॅटरी बसत जाते आणि इंजिन आणखी हळू फिरतं. याला फ्लड होणं म्हणतात. आमच्याकडे मी सांगतो, गाडी बुडाली. लोकांना पटकन कळतं.

याच कुळातल्या इंजिनाने जून १९९१ मध्ये ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. माझदा ७८७बी, चार रोटरांची, ५५ नंबरची. ३६२ फेऱ्या, जवळजवळ ४९०० किलोमीटर. ती शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी गाडी. एक दिवस आणि एक रात्र अखंड पिळून काढलं तरी चालेल, पण मांगरातून फणसाखाली नेऊन बंद केलं तर चालणार नाही, असा हा स्वभाव आहे. मला याचं फार हसू आलं होतं तेव्हा. आबांना नाही आलं.

बुडालेली गाडी वर कशी काढायची

पहिली गोष्ट, सेल मारणं थांबवा. दोनदा नाही झाली तर तिसऱ्यांदा नेहमीसारखी होणार नाही.

बॅटरी पूर्ण भरलेली हवी. नसेल तर दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावा आणि ती दुसरी गाडी चालू ठेवा. मग क्लच दाबा, ॲक्सिलरेटर तळाला टेकेपर्यंत दाबून धरा आणि आठ-दहा सेकंद सेल मारा. पेडल पूर्ण दाबलेलं असताना या गाडीचा संगणक पेट्रोल बंद करतो, त्यामुळे आत फक्त हवा जाते. मिनिटभर थांबा, सेलच्या मोटरला गार होऊ द्या, पुन्हा करा. तीन-चार वेळा. मधेच फुटफुट करून पेटायला लागली तर पेडल लगेच सोडू नका, हळूहळू उचला. निम्म्या वेळा काम इथेच होतं.

नाही झालं तर प्लग काढावे लागतात. जॅक लावून पुढचं चाक काढलं की बाजूने हात पोचतो. वरून प्रयत्न केलात तर बोटं सोलून निघतील. दर रोटरला दोन प्लग: खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. दोघे सारखे दिसतात पण सारखे नाहीत, त्यांची अदलाबदल चालत नाही. प्लगच्या नंबराच्या शेवटी एल किंवा टी असतो तो बघा, आणि काढताना कुठून काढला ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा. दुसऱ्या वर्षी मी हे न बघता बसवणार होतो, मालकाने व्हिडिओ कॉलवर अरबी समुद्रातून ओरडून थांबवलं.

प्लग बाहेर आले की पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, कॉइलचे कनेक्टर सोडवा आणि मगच सेल मारा. भोकांतून पेट्रोलचा फवारा येतो. हे काम मांगरात करू नका, बाहेर उघड्यावर करा. जवळ विडी नको, चूल नको, देवापुढचं निरांजनही नको. भाद्रपदात हे वेगळं सांगावं लागतं.

फवारा थांबला की प्रत्येक रोटरच्या खालच्या भोकातून एक चहाचा चमचा इंजिन ऑइल सोडा आणि दोन-तीन सेकंद सेल मारून ते सगळीकडे पसरू द्या. गेलेला पापुद्रा आपण हाताने परत घालतोय. त्यापेक्षा जास्त ओतू नका. मग कोरडे प्लग बसवा, कनेक्टर जोडा, फ्यूज घाला, सेल मारा. बहुतेक वेळा पाच-सहा सेकंदांत पेटते. आणि मग जो पांढरानिळा धूर येतो त्याला घाबरू नका, ते घातलेलं ऑइल जळतंय. पाच मिनिटं येतो. त्या संध्याकाळी आबांच्या खळ्यात एक डास उरला नव्हता.

सुरू झालेली गाडी लगेच बंद करायची नाही. वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा. आणि इंजिन ऑइल बदला. हे लोक विसरतात. भिंतीवरून धुतलं गेलेलं पेट्रोल शेवटी खाली ऑइलमध्येच उतरतं. दांडी काढून वास घेतला तर कळतं. असं पातळ झालेलं ऑइल घेऊन घाट चढू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून

नियम एकच, पण तो घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा: सुरू केली तर तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत बंद करायची नाही. आपल्या हवेत सात-आठ मिनिटं लागतात. सुरू झाल्या झाल्या मिक्सरसारखी घरघर ऐकू येते, तो धूर शुद्ध करणाऱ्या हवेच्या पंपाचा आवाज. तो चालू असताना तर चावी फिरवायचीच नाही. अगदीच नाइलाज झाला तर काही मालक तीन हजार आरपीएमवर दहा-पंधरा सेकंद धरून मग बंद करतात. काहीच न करण्यापेक्षा बरं, पण मी त्यावर विसंबत नाही.

बॅटरी हा दुसरा पाया. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर बॅटरीला छोटा चार्जर लावून ठेवा, किंवा निदान बॅटरीच्या खांबावरची वायर सोडवून ठेवा. माझदाने पुढे या गाडीसाठी जास्त ताकदीची, वेगाने फिरणारी सेलची मोटर काढली. जुन्या गाडीला ती बसते. आम्ही बसवली, आणि माझ्या मते या गाडीवर केलेला सगळ्यात शहाणा खर्च तोच.

कोकणात आणखी एक भानगड आहे, जी इंग्लंड-जपानच्या सल्ल्यांत सापडत नाही. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी खाऱ्या हवेने आतून खाल्ली जाते. वरून धड दिसते, पण सेलला हवा तेवढा करंट जात नाही, इंजिन हळू फिरतं, आणि हळू फिरलं की बुडतं. दर पावसाळ्याआधी ती सोडवा, पॉलिश पेपरने घासा, ग्रीस लावून बसवा. उंदरांचं काय करायचं ते मला विचारू नका. एका पावसात त्यांनी कॉइलच्या वायरी खाल्ल्या, तंबाखूच्या पुड्या ठेवल्या तर त्यासकट खाल्ल्या. शेवटी आबांनी मांजर पाळली.

पेट्रोलचंही सांगतो. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. मृगापासून दसऱ्यापर्यंत अर्धी रिकामी टाकी ठेवून गाडी उभी करू नका. उभी करायच्या आधी टाकी काठोकाठ भरा, आत दमट हवेला जागा कमी राहते.

सुरू न होण्याचा दुसरा प्रकार, जो जास्त वाईट

इथे नीट लक्ष द्या, कारण दोन्ही तक्रारी फोनवर सारख्याच ऐकू येतात.

गाडी गार असताना सुरू होत नाही, आणि आदल्या वेळी ती थोडीच चालली होती, तर बुडाली. वर सांगितलेलं करा. पण सकाळी गार असताना झटकन सुरू होते, कणकवलीपर्यंत छान जाते, पंपावर पाच मिनिटं बंद केली की मग सुरू होत नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासाने गार झाली की पुन्हा होते, असं असेल तर प्लग-बॅटरीवर पैसे घालू नका. तापल्यावर ऑइल पातळ होतं, पापुद्रा पातळ होतो, आणि झिजलेल्या सीलांची फट उघडी पडते. इंजिनाचं कॉम्प्रेशन गेलंय किंवा जायला लागलंय.

ते मोजायचं कसं? साधा कॉम्प्रेशन गेज लावला तर तो तीन कप्प्यांतला सगळ्यात मोठा आकडा धरून बसतो, आणि वाईट कप्पा लपतो. गरीब माणसाचा उपाय असा: गेजमधला छोटा व्हॉल्व्ह काढून टाका, पेट्रोल आणि कॉइल बंद करून सेल मारा आणि काट्याच्या उड्या बघा. कान देऊन ऐका. चांगला रोटर टप-टप-टप असा एका ठेक्यात बोलतो. टप-टप-फूस आलं तर एका बाजूचं सील गेलं. टप-फूस-फूस आलं तर एका टोकाची पट्टीच गेली, कारण एक पट्टी दोन कप्प्यांमधली भिंत असते.

नक्की आकडा हवा तर रोटरीसाठीचा खास टेस्टर लागतो, तो तीनही कप्पे वेगवेगळे दाखवतो. आमच्या मालकाने तो जपानच्या बंदरातून बॅगेत घालून आणला. या इंजिनाला २५० आरपीएमवर चौरस सेंटिमीटरला ८.५ किलो कॉम्प्रेशन हे प्रमाण, आणि ६.९ च्या खाली गेलं तर इंजिन उघडायचं. एकाच रोटरच्या तीन कप्प्यांत दीड किलोपेक्षा जास्त फरक नको, दोन रोटरांत एकापेक्षा जास्त नको. इंजिन तापवूनच मोजा. उंच गावात हवा विरळ म्हणून आकडा वाढवून वाचावा लागतो. आपण समुद्राकाठी आहोत, आपल्याला तो हिशेब नाही. आमचे आकडे: पुढचा रोटर ७.६, ७.५, ७.३. मागचा ७.१, ६.८, ७.२. म्हणजे एक कप्पा रेषेच्या खाली, बाकी रेषेला टेकलेले. मालकाला मी सांगितलं, दोन वर्षं धर, आणि रोज सुरू करून बघू नको.

हे बुडण्याशी अगदी असंबद्धही नाही. प्रत्येक वेळी गाडी बुडते तेव्हा काही सेकंद सीलं कोरड्या भिंतीवर घासतात. तीन वर्षांत सहा वेळा. त्यात माझा वाटा किती, हा विचार मी फार करत नाही.

कॉम्प्रेशन जाण्याचं दुसरं कारण कॉइल. एखादी कॉइल मेली तरी दर रोटरला दोन प्लग असल्यामुळे गाडी चालत राहते, फक्त पिकअप थोडा बसतो आणि पेट्रोल जास्त जातं. न जळलेलं पेट्रोल पुढे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो आतून वितळून तुंबतो, गरम धूर इंजिनातच कोंडतो आणि बाजूची सीलं भाजतात. म्हणून या गाडीत मिसिंग आलं तर पुढच्या महिन्यात बघू म्हणायचं नाही.

आणि तिसरं, तापणं. रोटर फिरतो ते घर ॲल्युमिनियमचं, त्याच्या दोन्ही बाजूच्या भिंती बिडाच्या, मधे पाणी अडवणाऱ्या रबराच्या रिंगा. एकदा चांगली तापली की त्या रिंगा गेल्या आणि पाणी आत. त्यात डॅशबोर्डवरचा काटा फसवा: तो बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मध्यावरच थांबतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. करूळ किंवा आंबोली चढायच्या आधी रेडिएटर आणि पुढच्या कोपऱ्यांतले ऑइल कूलर बघा. जांभ्याची तांबडी धूळ आणि मेलेले किडे यांचा तिथे गिलावा झालेला असतो. पाण्याने हळू धुवा, प्रेशर मारून जाळी वाकवू नका.

मग अशी गाडी ठेवावी का

मला हे दर वेळी कोणीतरी विचारतं, विशेषतः चाकरमान्यांची पोरं.

पुण्याईच्या बाजूला बरंच आहे. १३०८ सीसीत २३१ हॉर्सपॉवर, तेही टर्बोशिवाय. आपल्या टॅक्सीवाल्यांची जुनी १२४८ सीसीची डिझेल स्विफ्ट ७५ देते. इंजिन एवढं लहान आणि हलकं की ते पुढच्या चाकांच्या मागे, खाली बसवता येतं, आणि गाडीचं वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं होतं. आंबोलीच्या वळणांवर मी ती चालवलीय. नऊ हजार आरपीएमपर्यंत काटा जातो आणि हातात थरथर नाही, कारण वर-खाली जाणारं आत काहीच नाही. तो अनुभव दुसऱ्या गाडीत मिळाला नाही, हे मी गॅरेजवाला असून कबूल करतो. आणि विम्याच्या थर्ड पार्टी हप्त्यात ती दीड हजार सीसीच्या आतल्या घरगुती गाड्यांच्या रांगेत बसते, ही मालकाची आवडती गोष्ट.

दुसऱ्या पारड्यात पहिलं म्हणजे पेट्रोल. लिटरला सात-आठ किलोमीटर. जळण्याचा कप्पा लांबट आणि चपटा, त्यामुळे उष्णता भिंतींनी शोषली जाते आणि कोपऱ्यांतलं पेट्रोल धड जळत नाही. खालची ताकद नाही: जोर २११ न्यूटन-मीटर, तो मिळतो साडेपाच हजारावर. त्याच डिझेल स्विफ्टला १९० मिळतात दोन हजारावर. म्हणून गावातल्या चढावर मागून रिक्षावाला हॉर्न मारतो. ऑइल खाते, आणि ते बिघाडामुळे नाही; टोकाच्या पट्ट्यांना ऑइल मिळावं म्हणून एक पंप ते मुद्दाम आत सोडतो. जुन्या स्कूटरला पेट्रोलमध्ये ऑइल घालायचो तोच प्रकार. दर दुसऱ्या टाकीला दांडी बघायची. काही जण शिवाय लिटरला पाचेक मिली टू-टी (टू-स्ट्रोक गाडीचं) ऑइल टाकीत घालतात. मीही घालतो, नुकसान दिसलेलं नाही.

हे दुखणं जुनंच आहे. रोटरीचा जनक फेलिक्स वांकेल, त्याचं पहिलं इंजिन जर्मनीत एनएसयू कंपनीने १९५७ साली फिरवलं, १९६७ मध्ये त्यांनी आरओ ८० ही सुंदर गाडी आणली, तिला युरोपात वर्षातल्या गाडीचा मान मिळाला, आणि टोकांच्या सीलांनी कंपनीला पार खाली बसवलं. वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंबर मोडली. १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. समोरून येणारे दोन आरओ ८० वाले एकमेकांना हात न हलवता बोटं दाखवायचे, कितवं इंजिन चालू आहे ते सांगायला, असा किस्सा सांगतात. माझदाच्या लोकांना हिरोशिमात भिंतीवर उमटणारे ओरखडे दिसले तेव्हा त्यांनी त्याला सैतानाच्या नखांच्या खुणा म्हटलं. केनिची यामामोतोंच्या हाताखालच्या चमूने ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या पट्ट्या करून १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आणली. २०१२ मध्ये आरएक्स-८ थांबली, आणि २०२३ मध्ये रोटरी परत आली ती एमएक्स-३० मध्ये: एकच रोटर, ८३० सीसी, आणि चाकांशी संबंध नाही. तो फक्त जनरेटर फिरवून बॅटरी भरतो. मला हे पटतं. ठरावीक वेगावर सलग चालत राहणं हेच या इंजिनाला मानवतं, मांगर-खळं करणं नाही.

तर पोरांना मी सांगतो: रोज सकाळी दूध आणायला आणि पोराला शाळेत सोडायला गाडी हवी असेल तर ही घेऊ नका. आठवड्यातून एकदा गोव्याला जाऊन यायचं असेल आणि घरात दुसरी गाडी असेल, तर खुशाल घ्या. आधी टेस्टरने सहाही आकडे बघा. विकणारा मोजू देत नसेल तर चहा पिऊन परत या.

आबांचं शेवटी कसं सुटलं

सात मिनिटांचा नियम आबांना पटला नाही. "दहा पावलांसाठी सात मिनिटां पेट्रोल जाळू?" मुद्दा बिनतोड होता. मग मी म्हटलं, सुरूच करू नका. चावी नुसती ऑन करा म्हणजे स्टिअरिंग सुटेल, गिअर न्यूट्रल, आणि गावातली चार पोरं लावून ढकला. गाडी हलकी आहे, खळं सपाट आहे. मांगराच्या दारावर आबांनी कोळशाने लिहिलं: सेल मारू नये.

मे महिना शांत गेला. पेट्या भरल्या गेल्या, फोन नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मात्र वाजलाच.

"मेस्त्री, गाडी ढकललंव, हलतच नाय."

जून ते ऑगस्ट हँडब्रेक ओढून ठेवला होता. पावसाळ्यात मागच्या डिस्कला गंज चढला आणि ब्रेक पॅड तिला चिकटून बसले. चाक काढून कॅलिपरवर लाकडी हातोडीचे दोन ठोके दिले तेव्हा सुटलं. गाडी पावसाळाभर उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक ओढू नका. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला जांभ्याचा चिरा लावा.